पाहुण्या बोटीची पट्टी

आमच्या घरात नवं वर्ष पाडव्याला सुरू होत नाही, मिळकतकराचं बिल आलं की सुरू होतं. लवकर भरणाऱ्याला महापालिका सवलत देते, आणि ती सवलत न घेणारा माणूस आमच्या यांच्या लेखी अर्धवट. आता सगळं मोबाइलवर बसल्या जागी भरता येतं, तरी हे क्षेत्रीय कार्यालयात जाऊन रांगेत उभे राहतात. तिथे यांच्यासारखेच आणखी निवृत्त गृहस्थ भेटतात आणि उशिरा भरणाऱ्यांची मनसोक्त निंदा करता येते. थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवल्याची बातमी पेपरात आली, की ती मला मोठ्याने वाचून दाखवतात. सूर असा, की जणू आमचीच पट्टी मी थकवून ठेवली आहे.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी बोटीवर राहायला गेली.

ती आणि जावई, दोघंही खराडीला आयटीत होते. वाघोलीला फ्लॅट घेतला होता. रोज त्या नगर रस्त्यावरच्या गर्दीत दोन-दोन तास गाडीत बसून एक दिवस त्यांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, फ्लॅट विकला आणि परदेशात एक जुनी शिडाची बोट विकत घेतली. आता तीच त्यांचं घर. वारा नेईल तिकडे जायचं, आवडेल त्या बेटाशी नांगर टाकायचा, आणि बोटीवर बसूनच थोडंफार काम करून पोटापुरतं कमवायचं. मी शाळेत भूगोल शिकवला. आयुष्यभर फळ्यावर निळ्या खडूने समुद्र रंगवला, पण पाण्याशी माझा खरा संबंध म्हणजे खडकवासल्याच्या भिंतीवर बसून खाल्लेली कणसं. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला. हे मात्र एवढंच म्हणाले, "फ्लॅट बुडत नाही."

त्यानंतर बरेच महिने हे तिच्याशी बोललेच नाहीत. तिचा फोन आला की पेपर वर करायचे. ती विचारायची, "बाबा आहेत?" मी म्हणायची, "आहेत, पेपरामागे." ती हसायची. बापलेक दोघंही एकाच मापाचे हट्टी आहेत, त्यामुळे आधी कोण बोलणार हा प्रश्नच होता.

मग एका रविवारी ती मला सांगत होती, की आज बंदराच्या कचेरीत जाऊन बोटीचा कर भरून आलो. पेपर खाली आला. यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि इतक्या महिन्यांनंतर लेकीला पहिलं वाक्य विचारलं, "त्या बोटीला घरपट्टी लागते का गं?"

लागते, असं कळलं आणि यांचा चेहरा उजळला. बोट हे त्यांना तोवर घर वाटतच नव्हतं. ज्याला पट्टी आहे ते घर, एवढी त्यांची सरळ व्याख्या.

त्या दिवसापासून रविवारचा फोन यांचा झाला. चष्मा पुसून, खुर्ची ओढून, हे पडद्यासमोर बसायचे. बोटीची पट्टी फुटावर लावतात की माणशी? नांगर टाकण्याचे वेगळे पैसे का? कचरा उचलण्याचे? लेक सांगायची. प्रत्येक बेटाची तऱ्हा वेगळी. कुठे पहिला महिना माफ, कुठे आल्या दिवसापासून मोजणी, कुठे बोट लांब म्हणून जास्त. अशा फिरस्त्या लोकांचं सगळं फिरणं वाऱ्यावर जितकं ठरतं तितकंच या करांवर ठरतं, हे मला तेव्हा कळलं. यांना थोड्याच दिवसांत सगळ्या बेटांचे दर तोंडपाठ झाले. लेक जेवली का, हे विचारायचं मात्र माझ्याकडेच होतं.

एकदा तिने एका बेटाची हकिगत सांगितली. बेटाचं नाव मी लिहीत नाही, उगाच तिथल्या लोकांची नाराजी कशाला. तिथल्या पंचायतीने पाहुण्या बोटींचा कर एकदम वाढवला. लोक आपले चांगले होते, पण आलेल्या बोटी बघून त्यांना वाटलं, एवढी मोठी बोट बाळगणारा माणूस देईल की. पुढच्या हंगामात बोटी शेजारच्या बेटाकडे वळल्या. किनाऱ्यावर एक बाई या बोटवाल्यांसाठी रोज पाव भाजायची, माझ्या लेकीची तिच्याशी मैत्री झाली होती. ती बाई आता सकाळी दोनच लाद्या भाजते आणि रिकाम्या खाडीकडे बघत बसते, असं सांगताना लेकीचा आवाज उतरला.

"भरायला काय झालं त्यांना?" हे म्हणाले. "पाणी वापरतात, धक्का वापरतात, कचरा टाकतात."

"अहो, पाहुणे आहेत ते," मी म्हणाले.

"पाहुणे कचरा करत नाहीत?"

यावर मी यांना आमच्या सोसायटीची आठवण करून दिली. हे खजिनदार असताना यांच्याच डोक्यातून एक सुपीक ठराव निघाला होता, पाहुण्यांच्या गाड्यांना पार्किंगचं शुल्क. फाटकावर पाटी लागली. मजकूरही यांचाच: 'पाहुण्यांचे स्वागत आहे. त्यांच्या वाहनांचे शुल्क आहे.' त्यानंतर यांची थोरली बहीण लोणी काळभोरहून आपल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आली. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. गाडी बाहेर उभी, ड्रायव्हर गाडीत, आक्का दारात. पत्रिका हातात दिली, पाणीसुद्धा घेतलं नाही. हे म्हणाले, "अगं, बस की." आक्का म्हणाली, "बसायचं बी पैसं लावलं आसंल. पावण्याकडनं पैसं घेत्यात व्हय रं कुठं? आपल्या घरात हाय का अशी रीत?" आणि गेली. तो ठराव पुढच्याच सभेत रद्द झाला. पाटी हे स्वतः स्क्रू काढून घेऊन आले.

"तो विषय वेगळा," हे म्हणाले. आपण हरतोय असं वाटलं की यांचा विषय नेहमी वेगळा असतो.

तर, लेक तीन वर्षं घरी आली नव्हती. बोट सोडून विमानाने येणं सोपं नसतं. बोट कुठेतरी सुरक्षित ठेवावी लागते आणि ती ठेवण्याचाही कर असतो. या वर्षी मात्र जमणार होतं. त्या समुद्रात जूनपासून वादळांचा हंगाम सुरू होतो. तेव्हा फिरस्ते लोक बोटी एखाद्या आडोशाच्या बंदरात बांधून आपापल्या घरी जातात. आमची दोघं मेच्या सुरुवातीलाच बोट बांधणार होती आणि पुण्याला येणार होती, ती थेट वादळं संपेपर्यंत. म्हणजे आंब्यापासून दिवाळीच्या तोंडापर्यंत. मी इतकी आनंदले की शेजारणीला दोनदा तीच बातमी सांगितली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "कळलं हो, आपण कालच सांगितलंत."

एप्रिलमध्ये हे रांगेत उभे राहून आमची पट्टी भरून आले. त्याच रविवारी लेक फोनवर सहज म्हणाली, की या बंदरात वर्षाचा कर एकदम भरला तर सवलत आहे म्हणे. पण इथे कुणी तसा भरत नाही, सगळे महिन्या-महिन्याचाच भरतात.

सवलत आहे आणि कुणी घेत नाही, हे ऐकून यांना झालेल्या यातना मी डोळ्यांनी पाहिल्या.

"का भरत नाहीत?" यांनी विचारलं.

"माहीत नाही बाबा. सवय नसेल."

"आळशी आहेत सगळे. तू उद्या सकाळी जा आणि वर्षाचा भरून टाक. नाहीतरी पाच-सहा महिने बोट तिथेच राहणार आहे. वर सवलत."

जावई मागून काहीतरी पुटपुटला. तो नागपूरकडचा, स्वभावाने मोकळा, पण सासऱ्यापुढे जरा जपून. "बाबूजी, एकदा विचारून घेऊ का कोणाला?" असं काहीसं तो म्हणाला. पण आमची लेक पुण्यात वाढली आहे. सवलतीचा शेवटचा दिवस जवळ आला की तिच्याही अंगात काहीतरी संचारतं. दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली आणि वर्षाचे पैसे मोजून आली. तिथल्या कारकुनाने उठून तिचा हात हातात घेतला आणि अभिनंदन केलं, असं तिने कौतुकाने सांगितलं. हेही खूश. "बघ," मला म्हणाले, "लगेच मान मिळाला."

मी मंडईत जाऊन हापूसच्या दोन पेट्या ठरवून आले. माझा आंबेवाला अनेक वर्षांचा. त्याला तारीख सांगितली आणि म्हटलं, त्या दिवशी तयार हवेत. तो म्हणाला, "काकू, आंब्याला तारीख तुम्ही सांगा, मी आपला ऐकतो." पेट्या आल्या, गवतात आंबे मांडले, सगळ्या घरात घमघमाट सुटला.

आणि लेकीचा फोन आला. येता येत नाही.

ती बंदरात सांगायला गेली होती, की आम्ही आता काही महिने घरी जातोय, बोटीकडे लक्ष असू द्या. कारकून म्हणाला, जाता येणार नाही. महिन्याचा कर भरणारी बोट ही पाहुणी. तिचे मालक तिला बांधून कधीही जाऊ शकतात. वर्षाचा कर भरणारी बोट मात्र तिथली रहिवासी होते. रहिवासी बोटीची आधी तपासणी व्हावी लागते, मग तिला तिथला नंबर मिळतो, आणि तोवर मालकाने बेट सोडायचं नाही. तपासणी करणारा साहेब दुसऱ्या बेटावर असतो. तो कधी येतो? येतो तेव्हा येतो. म्हणून बाकी कुणी ती सवलत घेत नव्हतं. धक्क्यावरच्या प्रत्येक बोटवाल्याला हे ठाऊक होतं. आमच्या लेकीने कुणाला विचारलंच नाही, कारण सवलत सोडायची असते हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मी चिडले. यांच्यावर इतकी चिडले की दोन दिवस भाजीत मीठ किती पडतंय याकडे लक्ष दिलं नाही. "हौस फिटली?" मी विचारलं.  आंबे पिकत होते, मी रस काढून फ्रीजमध्ये भरत होते. ताटात रसाची वाटी ठेवली तर यांनी बाजूला सारली. "मला आंबा बाधतो," म्हणाले. लग्नाला चाळीसेक वर्षं झाली, या माणसाला आंबा बाधल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

रविवार आला, फोन वाजला, आणि हे खुर्ची ओढून बसले नाहीत. बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालत राहिले. त्या कुंड्यांना मी सकाळीच पाणी घातलं होतं. मी फोन ठेवून बाहेर गेले तर पाणी वाहून खालच्या मजल्यावरच्यांच्या कपड्यांवर पडत होतं आणि यांना पत्ताच नव्हता.

"अहो, काय चाललंय?" मी म्हणाले.

तेव्हा हे बोलले. माझ्याकडे न बघता. "सवलतीचं होतंच. पण मला वाटलं, वर्षाचा भरला तर वर्षभर एका जागी राहतील. कुणी विचारलं, मुलगी कुठे असते, तर सांगता येईल. दर महिन्याला नवीन बेट सांगावं लागतं गं. लोक हसतात. आणि कधी काही झालं, तर शोधायचं कुठे?"

माझा राग तिथेच गेला. मला भीती वाटत होती ती मी रोज बोलून दाखवत होते, जेवली का, झोपली का, वारा किती आहे. यांना तेवढीच भीती वाटत होती, आणि ती बोलून दाखवायला यांच्याजवळ कराच्या दरांशिवाय दुसरे शब्दच नव्हते. मी त्यांच्या हातातून झारी घेतली. मग आम्ही दोघं खालच्या मजल्यावर माफी मागायला गेलो.

मार्ग जावयाने काढला. शेजारच्या बोटीवरच्या एका म्हाताऱ्या जोडप्याने त्याला सांगितलं, की भरलेल्या पैशांवर पाणी सोडायची तयारी असेल तर रहिवासीपण रद्द करून घ्या आणि हवा चांगली आहे तोवर पलीकडच्या देशाच्या बेटावर निघून जा. तिथे नव्याने पाहुणे म्हणून शिरा. पहिला महिना माफ आहे, पुढे दर महिन्याला दर आहे, बोट बांधून खुशाल घरी जा. पैसे गेले. वर्षाचे सगळे गेले. आमची दोघं सकाळी निघाली आणि संध्याकाळी पोचली. मधला सगळा दिवस हे मोबाइल समोर ठेवून बसले होते. 'पोचलो' असा निरोप आला तेव्हा म्हणाले, "रस आहे का थोडा?"

जूनमध्ये ती आली. रापलेली, हात राठ झालेले, केस आखूड कापलेले. दारात उभी राहिली आणि मला क्षणभर ओळखूच आली नाही, मग मात्र मी तिला सोडलंच नाही. हापूस संपला होता. मंडईतून रायवळ आंबे आणले, ते तिने बाल्कनीत उभं राहून कोपरापर्यंत ओघळ आणत चोखले. जावई चार दिवस राहून नागपूरला आईकडे गेला. घर पुन्हा बोलतं झालं.

पण जेवताना तिने सांगितलं, की महिनाभरच राहता येईल. त्या बेटावर माफी महिन्याचीच आहे. वर्षाचे पैसे आधीच्या बंदरात गेल्यामुळे हंगामभर तिथला दर देणं परवडायचं नाही. महिना संपला की परत जाऊन बोट दक्षिणेला, वादळं येत नाहीत तिकडे न्यावी लागेल. तिने हे अगदी सहज सांगितलं. बापाला टोचू नये म्हणून सहज सांगितलं, ते मला कळलं. यांनाही कळलं. हे ताटातल्या भाताकडे बघत राहिले. दिवाळीपर्यंतची लेक महिन्याभराची झाली होती, आणि तीही यांच्यामुळे.

महिना उडून गेला. शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी हे मोबाइल घेऊन तिच्यासमोर येऊन उभे राहिले. त्या बेटावर कर मोबाइलवरून भरता येतो, हे यांनी आपलं आपण शोधून काढलं होतं.

"पुढच्या महिन्याचा मी भरू का?" यांनी विचारलं. "तुला राहायचं असेल तर."

ती बघतच राहिली. "बाबा, तिथे सबंध हंगामाचा एकदम भरला तर सवलत आहे. पाहुणेपणही जात नाही, मी विचारलंय."

"माहीत आहे. वाचलंय मी."

"मग?"

"मग काही नाही. महिन्याचाच भरतो. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारीन."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. या माणसाला मी मिळणारी सवलत आपण होऊन सोडताना कधी पाहिलं नव्हतं. लेक म्हणाली, "भरा." यांनी पूर्ण दराने पैसे भरले, आणि एखाद्या बक्षीस मिळालेल्या मुलासारखे मला येऊन सांगून गेले, "भरले."

जुलैच्या शेवटी पुन्हा विचारलं, तिने "भरा" म्हटलं. ऑगस्टच्या शेवटीही विचारलं. दरवेळी ती उत्तर देईपर्यंत मी हातातलं काम थांबवून उभी राहायची. जावई नागपूरहून येऊन-जाऊन होता. आक्का चार दिवस राहून गेली, गाडी आत लावून. तिने भाचीला विचारलं, "पाण्यावर झोप येती का गं?" लेक म्हणाली, "आत्या, इथे येत नाही आता नीट. घर हलत नाही ना." सगळे हसले. मला मात्र ते आत कुठेतरी लागलं. ती इथे सुखात होती, पण तिचं शरीर तिकडची सवय विसरलं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी हे मोबाइल घेऊन उभे राहिले. "भरू का?"

तिने खिडकीबाहेर आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "नको बाबा. आता वारा बदलेल. बोट बघायला हवी, निघायला हवं."

दिवाळीला थोडेच आठवडे उरले होते. मला म्हणावंसं वाटलं, थांब की. पण आधी यांच्याकडे पाहिलं. यांनी मोबाइल खिशात ठेवला. "बरं," म्हणाले. मग स्टूल आणून माळ्यावरची तिची बॅग खाली काढली, फडक्याने पुसली आणि तिच्या खोलीत नेऊन ठेवली. बाहेर आले, तिच्याशेजारी बसले.

"आता कुठल्या बेटावर?" यांनी विचारलं.

"ठरलं नाही अजून."

"जाशील तिथे महिन्याचाच भर," हे म्हणाले. "वर्षाचा भरू नकोस."